वाण्याची वही: आपल्या घरचे अनुभव लिहावेत

लालबागच्या आमच्या चाळीत किराणा महिनाभर वहीवर येत असे आणि गिरणीचा पगार झाला की हिशेब चुकता होत असे. मोठी वही दुकानात आणि हळदीचे डाग पडलेली, दोरी ओवलेली छोटी वही आमच्याकडे. दोन्हींत मांडून घेतल्याशिवाय दुकान सोडायचे नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. तीन-चार महिने वाण्याने काही म्हटले नाही. पुढे तो न बोलताच किलोभर साखरेच्या जागी पावशेर बांधू लागला आणि आई मलाच दुकानात पाठवू लागली, कारण लहान मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे त्याला जड जात असे. ती बाकी वडिलांनी रखवालदारी करून तीन वर्षांत फेडली.

*

आमच्या यवतमाळकडे उधारी महिन्याची नसे, हंगामाची असे. एकाधिकार खरेदीत, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याच्या योजनेत, कापूस घातला तरी चुकारा, म्हणजे त्याचे पैसे, हाती यायला वेळ लागे आणि तोवर तेल-मिठापासून पोळ्याच्या सामानापर्यंत सगळे वहीवरच येई. दुकानदार व्याज लावत नाही, असे वडील कौतुकाने सांगत. कॉलेजात असताना मी रोखीने आणलेल्या तेलाचा भाव वहीतल्या भावाशी ताडून पाहिला, तेव्हा व्याज कुठे लपले होते ते कळले. तरी मी त्याला लुटारू म्हणणार नाही, कारण त्यालाही घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारीवरच मिळत असे.

*

मी दुकानदाराची मुलगी. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढले की जुन्या बाक्या उतरवण्याचे काम माझ्याकडे येई, आणि काही नावे मी सलग सहा वर्षे उतरवली आहेत. त्यांतली बरीच माणसे पुढे मागच्या गल्लीने जाऊ लागली आणि रोखीची खरेदी दुसऱ्या दुकानात करू लागली. बुडालेल्या पैशांपेक्षा बाबांना तेच अधिक लागत असे.

*

नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा मला पुण्यात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. समोरच्या दुकानदाराने नाव न विचारताच 'तिसरा मजला, चष्मा' असे लिहून दूध आणि पाव दिला. त्या बाकीवर केव्हाच काट मारली गेली, मी आता पहिल्या मजल्यावर राहतो, पण खाते अजून त्याच नावाने चालते.