अनुभव धागा: घरचा चिकन फ्राईड राईस. तुमचा भात कुठे बिघडला, कुठे जमला?

शनिवारी रात्री फ्राईड राईस, हे आमच्या लेकाने चौथीत असताना ठरवलं. आता तो नववीत आहे. त्यामुळे हा पदार्थ मी पाच वर्षं जवळजवळ दर आठवड्याला केला आहे आणि पहिलं वर्षभर तो सतत बिघडला आहे.

पहिल्या वेळी घरात इंद्रायणी होता. कुकरला तीन शिट्ट्या, वाफ गेली तसा गरम भात थेट कढईत, वरून सोया सॉस. पाच मिनिटांत तपकिरी गोळा. लेक काही बोलला नाही. वाटीभर खाल्ला, पाणी प्यायला आणि झोपायला गेला. ते मला फार लागलं.

मग मी सॉस बदलत बसले. कधी याची बाटली, कधी त्याची. खरं कारण भातात होतं, हे कळायला खूप महिने गेले. गरम शिताला बाहेरून पाणी आणि चिकट स्टार्च असतो. कढईत पडली की शितं एकमेकांना धरतात आणि तेलात परतली जाण्याऐवजी वाफेत शिजत राहतात. भात थंड झाला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, शीत कडक होतं, फ्रीजमध्ये वरचा ओलावाही उडतो. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. फोडणीचा भात कुणी ताज्या भाताचा करत नाही.

आता मी कोलम घेते. तीनदा धुऊन वीस मिनिटं भिजवते, भरपूर उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून शिजवते. शीत बोटात दाबल्यावर आत बारीक कणी लागली की गाळते, परातीत पसरून पंख्याखाली ठेवते, निवला की फ्रीजमध्ये. चिकन मात्र अजून कधी रबरासारखं होतं, कधी कोरडं.

तुम्ही कोणता तांदूळ घेता, भात कधी शिजवता, चिकनचं काय करता? फसलेले अनुभवही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

नागभीड, जि. चंद्रपूर

ताई, आमच्याकडे प्रश्नच येत नाही, कारण घरात एचएमटी असतो. बारीक दाणा, शिजल्यावर सुटा. हे वाण आमच्याच तालुक्यातलं आहे, म्हणून थोडं सांगतो. नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ धानाच्या शेतात काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत हे वाण उभं केलं. तेव्हा जे घड्याळ लोकांच्या मनगटावर होतं त्याचं नाव धानाला मिळालं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या हयातीत त्यांना मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

फ्राईड राईससाठी एक गोष्ट नक्की पाळा. तांदूळ जुना घ्या. दिवाळीनंतर नवा येतो तो कितीही चांगल्या वाणाचा असला तरी चिकटतो. तो खिरीला, खिचडीला ठेवा.

डोंबिवली

माझे बाबा स्टेशनजवळ चायनीजची गाडी चालवायचे. सोळा वर्षं. मी कॉलेजला होतो तेव्हा संध्याकाळी भाज्या चिरायला जायचो, म्हणून जे बघितलं ते सांगतो.

भात दुपारी दोनलाच शिजायचा. मोठ्या टोपात, पाणी उकळून, गाळून. मग टोपलीत, मग स्वच्छ पंचावर पसरून. बाबा हाताने भात कधी मोकळा करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, शीत मोडलं की त्यातून पीठ निघतं आणि सगळा भात धरतो. झाऱ्याने उचलायचा, दाबायचा नाही.

चिकन दुपारीच आलं-लसूण आणि मीठ घालून उकडलेलं असायचं. हाडं काढून बोटांनी सोडवायचं. त्याचं पाणी फेकलं जात नसे, सूप आणि ग्रेव्ही त्यातच. ऑर्डर आली की कढईत तेल, तेलातून धूर दिसला की अंडं, ते फुललं की बाजूला. मग लसूण, लगेच गाजर-फरसबी, मग कोबी, मग चिकन, मग भात. मीठ आणि पांढऱ्या मिरीची पूड भातावर. सोया सॉस आणि व्हिनेगर मात्र भातावर नाही, कढईच्या कडेला, जिथे लोखंड सगळ्यात तापलेलं असतं. तिथे तो क्षणात करपल्यासारखा होतो आणि जो वास येतो तोच गाडीचा वास. कांद्याची पात गॅस बंद करताना.

घरी हे तसंच का होत नाही, तर आच. गाडीच्या भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कित्येक पट असते. कढईत थंड भात पडला तरी ती तापलेलीच राहते. घरी चार जणांचा भात एकदम घातला की कढई थंड पडते, भाज्या पाणी सोडतात आणि फ्राईड राईसचा पुलाव होतो. याला उपाय एकच, एका वेळी एक प्लेट. बाबा आता सत्तरीचे आहेत. घरी करतात तेव्हाही एकेक प्लेट काढतात आणि पहिली आईला देतात.

आणि ज्याला आपण चायनीज म्हणतो ते इथेच घडलेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. कोलकात्याच्या हक्का चिनी कुटुंबांनी सुरुवात केली. चिकन मंच्युरियन तर मुंबईत नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करताना बनवलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपलाच मसाला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर.

नाशिक

डोंबिवलीच्या दादांना विचारायचं होतं, उकडलेलं चिकन कोरडं नाही का होत? माझं तर दोऱ्यासारखं होतं.

डोंबिवली

छातीचं मांस घेतलं तर होतं. मांडीचं घ्या. उकळीही जोरात नको, मंद आचेवर ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. कच्चं घालायचं असेल तर बोराएवढे तुकडे करून पाव किलोला एका अंड्याचा पांढरा बलक, चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडा सोया सॉस आणि तेल चोळून अर्धा तास ठेवा. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर रस आत धरतो. आधी ते वेगळं परतून काढा. जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी दिसला तर अजून ठेवा. भात शेवटी त्याला भेटला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर

शिळ्या भाताबद्दल सगळेच लिहीत आहेत, म्हणून माझा अनुभव सांगते. कृपया पूर्ण वाचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री भात शिजवून झाकून ओट्यावरच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फ्राईड राईस केला. वास चांगला होता, चव चांगली होती. दोन-अडीच तासांत दोन्ही मुलांना उलट्या सुरू झाल्या. धाकटी सहा वर्षांची. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते, सलाईन लावावं लागलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, भात खाल्ला का? तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. मला सगळ्यात धक्का बसला तो पुढच्या वाक्याने. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मी तर भात धूर येईल इतक्या मोठ्या आचेवर परतला होता, मला वाटलं होतं सगळं मेलं असेल.

आता भात शिजला की मोठ्या ताटात पातळ पसरते आणि तासाभरात फ्रीजमध्ये जातो. खोल भांड्यात ढीग ठेवत नाही, मध्यभागी तो तासन् तास गरम राहतो. दुसऱ्याच दिवशी वापरते, आणि एकदा परतलेला उरला तर पुन्हा ठेवत नाही. धाकटी आता आठ वर्षांची आहे, व्यवस्थित आहे. फ्राईड राईस आवडीने खाते. मीच पहिले काही महिने करू शकले नाही.

डिचोली, गोवा

आम्ही उकड्या तांदळाचा केला. धान सालीसकट उकडून वाळवलेलं असतं, त्यामुळे दाण्यातला स्टार्च आधीच घट्ट झालेला. शितं जाड दिसतात, पण एकमेकांना चिकटत नाहीत. शिजायला वेळ लागतो आणि चावून खावा लागतो. सॉसची चव आत फार जात नाही, म्हणून चिकन थोडं झणझणीत केलं. आमच्या घरी सगळ्यांना आवडला, बाहेरच्या पाहुण्यांना करणार नाही.

सातारा

अजिनोमोटोवरून, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटवरून, आमच्या घरात खूप वाद झाले, शेवटी मी बसून वाचलं. १९०८ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच. अमेरिकेत १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर त्याची भीती पसरली. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मात्र नेहमीच्या प्रमाणात ते सुरक्षित मानतं. मी चार जणांना पाव चमचा घालते आणि मीठ तेवढं कमी करते, कारण त्यात मिठाच्या साधारण एक तृतीयांश सोडियम असतं. सोया सॉसही खारट असतो, हे विसरून मी पहिल्यांदा मीठ आधीच घातलं होतं आणि सगळा भात खारट झाला.

सांगली

आमच्या सासूबाई माळकरी. स्वयंपाकघरात चिकन येत नाही आणि यायला नको, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. मागच्या गॅलरीत एका बर्नरची शेगडी, एक लोखंडी कढई, एक उलथनं, तेवढं वेगळं ठेवलंय. एकादशी, सोमवार, गुरुवार, सगळा श्रावण, ती शेगडी पेटत नाही.

तरी मुलांबरोबर त्यांनीही जेवावं असं मला वाटायचं. म्हणून आधी आत, त्यांच्या भांड्यात, कांदा-लसूण न घालता कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरचीचा भात करते. आलं थोडं जास्त, मिरपूड, सोया सॉस. त्यांचं ताट वाढते आणि मगच मागे जाते. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, “तो चिनी भात कर गं, बरेच दिवस झाले.” मला इतका आनंद झाला की फरसबी आणायला लगेच चप्पल घातली.

निशिकासाई, टोकियो

थंड भातच हवा, हे सगळे म्हणतात, पण मी इथे उलटं शिकले. इथला तांदूळ आखूड आणि चिकट, आपल्या इंद्रायणीपेक्षाही. तरी इथे घराघरात चाहान, म्हणजे जपानी फ्राईड राईस, होतो. शेजारच्या आजींनी मला करून दाखवला आणि त्या म्हणाल्या, भात कोमटच घे.

कढई खूप तापवायची, तेल, दोन फेटलेली अंडी. अंडं अर्धं ओलं असतानाच, दहा मोजायच्या आत, त्यावर एका माणसाचा भात. मग पळीच्या पाठीने हलकं दाबत आणि उलटत राहायचं. अंडं प्रत्येक शिताला चिकटतं आणि शितं एकमेकांपासून सुटतात. थंड भाताचे गोळे फुटायला वेळ लागतो आणि तोवर अंडं शिजून जातं, म्हणून कोमट. चिकन आणि पात नंतर, सॉस अगदी थेंबभर. पहिल्या दोन वेळा मी अंडं पूर्ण शिजू दिलं आणि काहीच उपयोग झाला नाही. वेळ साधली तरच जमतं.

धागा सुरू करणारी, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. संभाजीनगरच्या ताई, तुमचं लिहिणं वाचून मी त्याच रात्री उठून फ्रीजमधला खोल डबा बाहेर काढला आणि भात दोन ताटांत पसरला.

काल घरात कोलम संपला होता, म्हणून पुन्हा इंद्रायणीच घेतला. पाच वर्षांत पहिल्यांदा. गाळून, परातीत अर्धा तास, कोमट. मांडीचं चिकन कॉर्नफ्लोअर लावून आधी परतून काढलं. मग अंडं, लगेच भात, एका वेळी एक प्लेट. पहिल्या प्लेटला अंडं शिजून गेलं, दुसरीपासून जमलं. शितं बासमतीसारखी लांबलांब नाहीत, पण सुटी होती, आणि सॉस कमी घातल्यामुळे इंद्रायणीचा वास तसाच राहिला. लेक ओट्यापाशी उभा राहून कढई खरवडून खात होता आणि चौथी प्लेट माझी होती ती त्याने अर्धी घेतली.

पुढच्या शनिवारसाठी एचएमटी शोधणार आहे. नागभीडच्या दादा, दुकानात जुना तांदूळ हातात घेऊन कसा ओळखायचा, तेवढं सांगाल का?