साहसपटांतील वैविध्य: कलाकारांचे चेहरे मोजणे पुरेसे आहे का?

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)
नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुटीपूर्वी नववीच्या मुलांना एखादा मोठा परदेशी साहसपट दाखवून त्यावर चर्चा घ्यावी, असा विचार आहे. माझ्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच बाकावर बसतात; त्यामुळे पडद्यावर कोणाला महत्त्व मिळते आणि कोणाला नुसते गर्दीत उभे केले जाते, हा प्रश्न त्यांना जवळचा वाटेल. निरनिराळ्या वंशांचे कलाकार आहेत, एवढ्यावरून चित्रपट निवडावा का?

उत्तर १ (जुळे सोलापूर)
मॅडम, तेवढ्यावरून निवडू नये. १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये अमरीश पुरी आणि रोशन सेठ यांच्यासारखे कसलेले नट होते, तरीही त्यातला भारत म्हणजे नरबळी देणारा पंथ, मेजवानीत माकडाचा मेंदू खाणारे दरबारी आणि परदेशी नायकाची वाट पाहणारे असहाय गावकरी. पटकथेवरील आक्षेपांमुळे येथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही आणि ते श्रीलंकेत झाले.

उत्तर २ (अक्कलकोट रस्ता)
मी तर कॅमेऱ्यामागे कोण आहे, हे आधी पाहतो. आफ्रिकेतील एका काल्पनिक देशाची कथा सांगणारा ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केला. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळाले, आणि त्या विभागांत हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती ठरल्या. त्यातील देशाच्या सीमेवरचे योद्धे लेसोथो देशातील बासोथो लोकांची लोकरी ब्लँकेटे पांघरतात आणि लढाईत तीच त्यांची ढाल होते. ज्यांच्या घरी यंत्रमागावर चादरी विणल्या जातात, त्या मुलांना हे दृश्य अवश्य दाखवावे, कारण अंगावरच्या कापडाला त्या लोकांच्या इतिहासात कोणते स्थान आहे, हे ती चटकन ओळखतील. पात्रे आपसांत दक्षिण आफ्रिकेतील खोसा भाषाही बोलतात. असे चित्रपट चालत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी त्याची जगभरातील १३० कोटी डॉलरहून अधिक कमाईही पाहावी.

उत्तर ३ (होटगी रस्ता)
सरांशी सहमत आहे, पण भाषेचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. ‘मोआना’ (२०१६) हा ॲनिमेशनपट पुढे पॅसिफिक बेटांवरील ताहिती आणि माओरी भाषांतही आला, म्हणजे ज्यांच्या दंतकथांवर तो उभा आहे त्यांतील काहींना तो स्वतःच्या भाषेत ऐकता आला. तरी त्याच वर्षी माउई या पात्राचा, गोंदवलेल्या तपकिरी कातडीसारखा दिसणारा मुलांचा पोशाख पॅसिफिक बेटांवरील लोकांच्या आक्षेपानंतर विक्रीतून मागे घ्यावा लागला. पडद्यावर घेतलेली काळजी दुकानापर्यंत पोचली नव्हती. चर्चेत हेही यावे.

प्रश्नकर्ती
आभार. ‘ब्लॅक पँथर’ निश्चित करते. संकटात निर्णय कोण घेते, हे पाहताना टिपून ठेवायला मुलांना आधीच सांगेन, आणि विणकर पालकांपैकी कोणी चर्चेला येऊ शकतील का, तेही विचारेन. ‘मोआना’ सातवीच्या वर्गशिक्षकांना सुचवते.