गाठ दिसते, पण जमत नाही
नुसतं मनात घोकून हात बसत नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. १९९५ साली मेंदूशास्त्रज्ञ पास्कुआल-लिओने यांच्या गटाने पियानोवर पाच बोटांचा सराव तपासला: रोज २ तास, ५ दिवस. वाजवण्याची नुसती कल्पना करणारे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या मागे राहिले, पण मेंदूतला बदल जवळपास तेवढाच. नंतर एकदाच २ तास वाजवून त्यांनी कसर भरून काढली.

सोलापुरात यंत्रमागावर तुटलेला धागा जोडायला शिकताना वडील मला डोळे मिटून गाठ सांगायला लावायचे. मला गाठ नुसती दिसायची. अंगठ्याखाली धागा दाबल्याचं जाणवायचंच नाही. नेमकी तिथंच बोटं अडखळायची. म्हणून मनातल्या सरावाची चाचणी घेताना ‘दिसतं का’ यासोबत ‘जाणवतं का’ हेही विचारायला हवं.