मदत हवी आहे : ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला बापलेकाचा प्रवेश

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवात आम्ही वसंत कानेटकरांच्या या नाटकातला शिवाजी महाराज आणि संभाजीराजांचा प्रवेश बसवतोय. सगळे हौशी कलाकार, तालमी रात्री जेवणं झाल्यावर.

अडचण अशी की, महाराज करणारे काका जिरेटोप चढवला की कॅलेंडरवरच्या चित्रासारखे उभे राहतात. एक हात तलवारीच्या मुठीवर, नजर प्रेक्षकांकडे. मुलाकडे बघतच नाहीत! आणि संभाजी करणारा पोरगा पहिल्याच वाक्याला इतका वरचा सूर लावतो की पुढे चढायला जागाच उरत नाही.

मला त्यात घरातलं भांडण दिसायला हवंय. आई सईबाई गेल्या तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे. पुढे १६७८ मध्ये ते मुघल सरदार दिलेरखानाकडे गेले, परत आले, आणि १६८० च्या एप्रिलमध्ये महाराजांचं रायगडावर निधन झालं तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. शेवटची भेटसुद्धा नाही. हे ओझं संवादांत आणायचं कसं?

१९६२ साली गोवा हिंदू असोसिएशनच्या प्रयोगात मास्टर दत्ताराम महाराज होते आणि काशिनाथ घाणेकर संभाजी. तो प्रयोग ज्यांनी पाहिलाय त्यांनी प्लीज सांगा, दत्ताराम या प्रवेशात आवाज कुठे खाली आणायचे? दोघं एकमेकांच्या किती जवळ यायचे?

शिवाय एकच प्रवेश करायचा तर लेखकाच्या वारसांची परवानगी आणि परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र कसं मिळवायचं, हे कुणी अलीकडे केलं असेल तर तेही कळवा.