मॅच लागली की बाबा आठवतात... तुमचेही अनुभव लिहा

काल लेकीने ती क्लिप परत लावली. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र, डी. वाय. पाटील, बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल, हरमनप्रीत मागे धावत जाऊन डी क्लर्कचा झेल घेते ती. झेल मी कितीही वेळा बघू शकते. पण पुढे हरमन कोच अमोल मुझुमदारच्या पाया पडते तिथे माझ्याच्याने बघवत नाही.

बाबा फोर्टात बँकेत होते. डबा आझाद मैदानात बसून खायचे, मॅच कुणाचीही असो. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर-कांबळीची शाळेच्या मॅचमधली ६६४ ची भागी तिथेच झाली, आणि बाबांनी त्यातला तासभर पाहिला होता. लोक त्या दोघांबद्दल विचारायचे, बाबा मात्र पॅड बांधून बसलेल्या तिसऱ्या पोराबद्दल सांगायचे. "दोन दिवस बसला गं तो. बॅटिंग आलीच नाही." त्याच अमोलने रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० केले तेव्हा बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. पुढे अकरा हजारांवर धावा, ३० शतकं, आणि भारताकडून एकही सामना नाही. टीम जाहीर झाली की बाबा पेपरात आधी त्याचं नाव शोधायचे. नसलं की पेपर घडी घालून ठेवून द्यायचे, बोलायचे काहीच नाहीत.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या फायनलच्या रात्री मॅच संपायला बारा वाजले. सकाळी मी खाली जाऊन पेपर आणला, अमोलचं नाव शोधलं, घडी घातली आणि बाबांच्या खणात ठेवला.

तुमच्या घरी कोण होतं असं? लिहा ना.

लालबागकर
क्रिकेट नसलं तर चालेल ना? आमचे अण्णा कबड्डीवाले. गिरणीत नोकरी लागली तीच खेळामुळे. ८२ च्या संपात गिरणी गेली, टीम पण गेली. नंतर वॉचमनची नोकरी केली, पण संध्याकाळी चाळीतल्या पोरांना मैदानात घेऊन जायचे ते शेवटपर्यंत. २०१२ ला गेले. २०१४ ला प्रो कबड्डी आली, पहिलीच मॅच वरळीला, यू मुंबाची. मी गेलो होतो. मॅट, लाईट, गाणी, सगळं झकास. पण रेडरचा दम ऐकूच येईना. अण्णांचा दम तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत ऐकू यायचा. आई त्यावरून ओळखायची, आता पाच मिनिटांत येतील, पाणी तापत ठेव.

मुलुंडची
पाणी तापत ठेव 😢 लालबागकर, कुठली गिरणी?

लालबागकर
आता टॉवर आहे तिथे. नाव काढलं की आईला त्रास होतो, राहू दे.

डोंबिवली फास्ट नाही स्लो
मे १९९१, वानखेडे, मुंबई-हरियाणा रणजी फायनल. बघितलेल्यांना पुढचं सांगायला नको. दोन धावा!! वेंगसरकर १३९ नाबाद आणि रडत होता. शेजारी बघितलं तर पप्पा पण रडत होते. मी अकरा वर्षांचा, पप्पांना रडताना त्याआधी बघितलंच नव्हतं. चर्चगेटला न जाता मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो, काळोख होईपर्यंत. मग म्हणाले आईला हरलो एवढंच सांग. आलो, कुकर लावतो जरा

मुलुंडची
सिराजचे वडील नोव्हेंबर २०२० मध्ये गेले तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता, परत आलाच नाही. सिडनीत राष्ट्रगीताला त्याचे डोळे भरले तेव्हा पप्पा टीव्हीसमोर उभे राहिले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आम्ही बसा बसा म्हणतोय. गाबाला त्याने पाच विकेट घेतल्या, ती पप्पांबरोबर बघितलेली शेवटची मॅच. मे मध्ये कोविडने गेले. भेटता आलं नाही आम्हाला.

धागाकर्ती
मुलुंडची, काय लिहू ग. जवळ असतीस तर येऊन बसले असते तुझ्याजवळ.

वसईवाली
आमचे दादा ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांची कॉमेंटरी ऐकायचे. टीव्ही आला तरी आवाज बंद, रेडिओ चालू. तो ट्रान्झिस्टर अजून आहे, सेल कुठले लागतात सांगेल का कोणी? मागचं झाकण नाहीये त्यामुळे कळत नाही

डोंबिवली फास्ट नाही स्लो
मोठे असतील बहुतेक, जाडे टॉर्चचे. फोटो टाका.

वसईवाली
रात्री टाकते, पोळ्या चालू आहेत

माटुंगा पश्चिम
बाबा पावसाळ्यातली कांगा लीग खेळायचे, विकेटकीपर. जुलैचा चिखल, बॉल कधी गुडघ्याएवढा तर कधी कपाळाएवढा. उजव्या करंगळीचं हाड मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं. चहाचा कप धरला की ती करंगळी बाहेर. आम्ही भावंडं लहानपणी तिच्यावर टोपी अडकवायचो. कसं मोडलं विचारलं तर 'लागलं' एवढंच.

गेले त्या दिवशी खूप माणसं आली होती. त्यात एक म्हातारे गृहस्थ, आमच्यातलं कोणीच ओळखेना. बाबांजवळ खाली बसले, उजवा हात हातात घेतला आणि ती करंगळी कितीतरी वेळ सरळ करत राहिले. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "माझ्याच बोलिंगवर मोडलं होतं. दुसऱ्या डावात परत उभा राहिला, म्हणाला तुझा बॉल दुसऱ्या कोणाला कळत नाही."

लालबागकर
बाप रे. काटा आला अंगावर.

मुलुंडची
नंतर भेटले का ते?

माटुंगा पश्चिम
मीरा रोडला राहतात, बाहेर पडवत नाही आता. पण दर वर्षी पहिला मोठा पाऊस झाला की फोन येतो. मी ऑफिसात असलो तरी उचलतो. "आझाद मैदानात पाणी साचलं का रे?" विचारतात. मग मी सीएसएमटीला उतरून बघून येतो आणि त्यांना सांगतो.