रॉबर्ट मॉरिस : राज्यक्रांतीचा अर्थपुरवठा करणारा व्यापारी कर्जापायी तुरुंगात कसा गेला?

वाचनवेडा (मूळ प्रश्न)

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना फिलाडेल्फियाचे व्यापारी रॉबर्ट मॉरिस यांचे नाव वारंवार समोर येते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संस्थानांच्या संघाचे पहिले कलमनामे आणि १७८७ ची राज्यघटना या तिन्ही दस्तऐवजांवर सही असलेल्या दोनच व्यक्ती आहेत. त्यांपैकी एक मॉरिस आणि दुसरे रॉजर शर्मन. बहुतेक लेखांत असे सांगितलेले असते की मॉरिस यांनी युद्धाचा खर्च स्वतःच्या खिशातून केला, आणि लगेच पुढे १७९८ मध्ये कर्ज न फिटल्यामुळे त्यांना तुरुंगात जावे लागले असा उल्लेख येतो. वाचणाऱ्याचा समज साहजिकच असा होतो की देशासाठी पैसा ओतल्यामुळे हा माणूस धुळीला मिळाला. मला हा कार्यकारणसंबंध पटत नाही, कारण त्यांनी अर्थखाते सोडले १७८४ मध्ये आणि १७८९ ते १७९५ अशी सहा वर्षे ते सिनेटचे सदस्य होते. युद्धात त्यांनी नेमके काय केले आणि ते बुडाले कशामुळे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

निळी शाई

आपली शंका रास्त आहे. मॉरिस यांच्याकडे युद्ध चालवण्याइतकी रोकड कधीच नव्हती. त्यांच्याकडे होती ती पत, आणि ती कशी मिळवली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

त्यांचा जन्म १७३४ चा, लिव्हरपूलचा. वडील मेरिलंडमधील ऑक्सफर्ड या बंदरात तंबाखूच्या खरेदीचे काम पाहत आणि मुलगा तेरा वर्षांच्या आसपास असताना त्यांनी त्याला तिकडे बोलावून घेतले. १७५० मध्ये जहाजावरून सलामीची तोफ उडवताना तिच्यातील बोळा लागून वडील जखमी झाले आणि त्यातच वारले. तोवर रॉबर्ट फिलाडेल्फियात चार्ल्स विलिंग यांच्या पेढीवर उमेदवारी करत होता. १७५७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मालकाचा मुलगा थॉमस याच्याबरोबर तो भागीदार झाला. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्यांचे आडते होते आणि या पेढीने लिहिलेली हुंडी परत येत नाही असा लौकिक होता.

डिसेंबर १७७६ मध्ये इंग्रजांच्या भीतीने काँग्रेस, म्हणजे बंडखोर वसाहतींची प्रतिनिधीसभा, बाल्टिमोरला निघून गेली, पण मॉरिस फिलाडेल्फियातच थांबले. ट्रेंटनच्या विजयानंतर सरसेनापती वॉशिंग्टन यांना हेरांसाठी नाण्यांची निकड होती, कारण शत्रूच्या गोटातील बातमी कागदी नोटांवर मिळत नसे. मॉरिस यांनी ४१० स्पॅनिश डॉलर, दोन इंग्लिश क्राऊन आणि काही फ्रेंच व इंग्लिश नाणी अशी मिळेल ती रोकड गोळा करून पाठवली. पाठोपाठ, मुदत संपून घरी निघालेल्या सैनिकांना थोपवता यावे म्हणून, ५०,००० डॉलरच्या कागदी नोटाही रवाना केल्या. रक्कम लहान होती. पण ती त्या आठवड्यात हाती पडली, आणि प्रिन्स्टनची लढाई त्याच आठवड्यातली आहे.

खरे मोठे काम १७८१ चे. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने स्वतःच्या नोटांची किंमत चाळिसास एक अशी उतरवली होती आणि वर्षभरात त्या जवळजवळ चलनाबाहेर गेल्या. अर्थखात्याचे अधीक्षक झाल्यावर मॉरिस यांनी स्वतःच्या सहीच्या नोटा काढल्या. सरकारवर कोणाचा भरवसा उरला नव्हता, पण मॉरिस यांच्या सहीवर होता, आणि या नोटांवर पीठ, मांस व गणवेश मिळू लागले. यॉर्कटाउनच्या मोहिमेवर निघालेले सैनिक रोख पगारासाठी अडून बसले तेव्हा मॉरिस यांनी रोशांबो यांच्याकडून, म्हणजे फ्रेंच फौजेच्या तिजोरीतून, २०,००० डॉलरची नाणी उसनी घेतली. हेड ऑफ एल्क येथे सैनिकांच्या हातात महिन्याचा पगार नाण्यांत पडला. म्हणून ‘स्वतःच्या खिशातून’ असे म्हणण्यापेक्षा ‘स्वतःच्या नावावर’ असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

अर्थवेध

वरील उत्तर चांगले आहे, परंतु त्यात चित्राची एकच बाजू आली आहे. मॉरिस सार्वजनिक कामात असताना त्यांचा व्यापार थांबलेला नव्हता. १७७५ ते १७७७ या काळात शस्त्रे व दारूगोळा मिळवणाऱ्या गुप्त समितीत ते अग्रणी होते आणि समितीने दिलेल्या कंत्राटांतील सुमारे चौथा हिस्सा त्यांच्याच पेढीकडे गेला. अधीक्षकपद स्वीकारतानाही आपले खाजगी व्यापारी संबंध कायम राहतील, ही अट त्यांनी काँग्रेसकडून आधी मान्य करून घेतली. त्या काळी हे सर्रास चाले हे खरे, पण लोकांना ते खुपत नव्हते असे नाही. १७७९ मध्ये साठेबाजीच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली. त्यातून ते निर्दोष सुटले, तरी त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी महागाईने पेटलेल्या नागरी सैनिकांच्या जमावाने जेम्स विल्सन यांच्या घरावर हल्ला केला तेव्हा आत अडकलेल्यांमध्ये मॉरिसही होते, आणि त्या चकमकीत माणसे मेली.

या चरित्रातून एक गोष्ट हमखास गाळली जाते, ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. विलिंग आणि मॉरिस यांच्या पेढीने १७६० च्या दशकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची विक्री केली होती. ज्या लौकिकाचा वर गौरव झाला आहे, त्याच्या जमाखर्चात ही माणसेही होती.

त्यांची दृष्टी मात्र असामान्य होती, हे कबूल करायला हवे. जानेवारी १७८२ मध्ये सुरू झालेली बँक ऑफ नॉर्थ अमेरिका ही त्यांची कल्पना. ४ लाख डॉलर भांडवल ठरले, पण खाजगी भागधारकांकडून जेमतेम ७० हजार जमले. मग फ्रान्सहून कर्जाऊ आलेल्या चांदीतून सुमारे अडीच लाख डॉलर त्यांनी सरकारच्या नावे गुंतवले आणि त्याच बँकेकडून सरकारसाठी कर्ज उचलले. आयात मालावर पाच टक्के जकात बसवून संघराज्याला स्वतःचे उत्पन्न मिळावे, यासाठी त्यांनी फार खटपट केली. पण सगळ्या संस्थानांची संमती लागत असल्यामुळे एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने ती योजना कोसळली. पुढे पहिले कोषमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जे उभारले त्याचा बराचसा आराखडा इथे आधीच तयार होता. १७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी कोषमंत्रिपद देऊ केले तेव्हा मॉरिस यांनी ते नाकारून हॅमिल्टन यांचेच नाव सुचवले.

उत्तररात्र

बुडाले ते जमिनीमुळे. १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे चीनला जाणारे अमेरिकेचे पहिले व्यापारी जहाज जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळे भरून कँटनला गेले, त्यातील मुख्य भांडवल मॉरिस यांचे होते. पण समुद्रावरच्या व्यापारापेक्षा युरोपातून येणाऱ्या वसाहतकारांना जमीन विकण्यात कितीतरी अधिक नफा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. सुरुवातीला ते खरेही ठरले: पश्चिम न्यूयॉर्कमधील लाखो एकर त्यांनी इंग्रज आणि डच गुंतवणूकदारांना नफ्यात विकले. १७९३ मध्ये वॉशिंग्टन या नियोजित राजधानीतील ६,००० भूखंड, प्रत्येकी ८० डॉलर दराने, जेम्स ग्रीनलीफ यांच्या भागीदारीत हप्त्यांवर घेतले. १७९५ मध्ये ग्रीनलीफ आणि जॉन निकल्सन यांच्यासह ‘नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी’ स्थापन केली. तिच्या नावावर ६० लाख एकर जमीन होती आणि भागधारकांना दरसाल ६ टक्के लाभांशाची हमी होती. पडीक रानाच्या भांडवलावर ठरावीक लाभांशाची हमी देणे हा माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अविचारी निर्णय होय.

हा सगळा डोलारा डच भांडवलावर विसंबून होता. फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि तो ओघ आटला. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले तेव्हा अमेरिकेतही पैशाची टंचाई झाली. मॉरिस आणि निकल्सन एकमेकांच्या वचनचिठ्ठ्यांवर सह्या करून त्या बाजारात आणत राहिले आणि त्यांची किंमत कवडीमोल झाली. १७८१ मध्ये ज्या सहीवर सैन्य जेवले होते, ती आता कोणी घेईना. स्कूलकिल नदीकाठच्या ‘द हिल्स’ या घरात त्यांनी स्वतःला कोंडून घेतले. बाहेर धनकोंची माणसे शेकोट्या पेटवून पहाऱ्याला बसली होती. फेब्रुवारी १७९८ मध्ये ते प्रून स्ट्रीटच्या तुरुंगात गेले. नोव्हेंबरात वॉशिंग्टन तिथे जाऊन त्यांच्याबरोबर जेवले. १८०० चा दिवाळखोरीचा कायदा झाल्यावर, ऑगस्ट १८०१ मध्ये, त्यांची सुटका झाली तेव्हा सिद्ध झालेले कर्ज ३० लाख डॉलरच्या घरात होते.

वाचनवेडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १८०१ ते १८०६, म्हणजे मृत्यूपर्यंतची पाच वर्षे, त्यांचा चरितार्थ कशावर चालला? आणि न्यूयॉर्कच्या ज्या जमिनी त्यांनी विकल्या, त्यांवर तिथल्या मूळ रहिवाशांचा हक्क नव्हता काय?

उत्तररात्र

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जमिनीत आहेत. मॉरिस यांनी डच गुंतवणूकदारांच्या कंपनीला सुमारे ३३ लाख एकर विकले, पण त्यावर तिथल्या सेनेका या मूळ रहिवासी जमातीचा ताबा होता आणि तो हक्क सोडवून देण्याची जबाबदारी मॉरिस यांनी पत्करलेली होती. सप्टेंबर १७९७ मध्ये जेनेसीओजवळ बिग ट्री येथे करार झाला, तेव्हा घराबाहेर पडताच अटक होण्याचा धोका असल्यामुळे त्यांनी मुलगा थॉमस याला पाठवले. सेनेकांनी काही राखीव तुकडे वगळता पश्चिम न्यूयॉर्कमधील आपली जवळजवळ सगळी जमीन १ लाख डॉलरच्या मोबदल्यात सोडली. ती रक्कमही त्यांच्या हाती आली नाही, तर बँकेच्या समभागांत गुंतवून त्यावरील उत्पन्न दरसाल द्यायचे ठरले. मॉरिस यांनी कोणाला बुडवले याची यादी करायची तर धनकोंच्या आधी सेनेकांचे नाव लिहावे लागेल.

चरितार्थाचे म्हणाल, तर त्या काळच्या कायद्यानुसार पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीचा हयातभर हिस्सा असे, आणि मेरी मॉरिस यांनी तो या जमिनीपुरता सोडून दिल्याखेरीज डच कंपनीची मालकी निर्वेध होत नव्हती. त्यांचे स्नेही गव्हर्नर मॉरिस (हे नाव आहे, पद नव्हे, आणि दोघांत नातेही नव्हते) यांनी हा मुद्दा हेरून कंपनीकडून मेरी यांना हयातभर दरसाल १,५०० डॉलर मिळवून दिले. फिलाडेल्फियातील एका लहानशा घरात त्याच रकमेवर दोघांचा संसार चालला. ८ मे १८०६ रोजी रॉबर्ट मॉरिस यांचे निधन झाल्यानंतरही मेरी यांना ते वर्षासन मिळत राहिले.