पाहुणे चुकीची यादी घेऊन यायलेत, शनिवारच्या आत मदत हवी

मलप्रभाकाठ
नमस्कार. शनिवारी सकाळी पाहुणे यायलेत आणि त्यांच्या हातात कुठल्या तरी पर्यटन साइटवरची 'बेळगाव परिसर दोन दिवसांत' अशी यादी आहे. त्यातलं निम्मं चूक. फोनवर सांगून थकलो, पण दर वेळी "अहो, तिथं तर असं लिहिलंय" हेच ऐकायला मिळतं. दोन गोष्टी सांगा. त्यांना पटेल असं काय दाखवू? आणि साइटवरचा मजकूर दुरुस्त कसा करून घ्यायचा? आज बुधवार आहे, लवकर सांगा.

टिळकवाडी_४
यादीत काय आहे ते लिहाल की नाही? पाहुणे कुठून येणार, गाडीनं की रेल्वेनं? तुमचं घर कुठल्या बाजूला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

शहापूर_पेठ
बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई) न्यायचा असेल तर निघायच्या दिवशीच घ्यायला सांगा, आधी घेऊन ठेवू नका. मांडे हवे असतील तर अगोदर सांगून ठेवावे लागतात.

मलप्रभाकाठ
कुंद्याचं नंतर बघू.
पाहुणे पुण्याचे. सात जण, त्यात एक आजी आणि दोन लहान पोरं. रेल्वेनं बेळगावला उतरणार. माझं घर खानापूरहून जांबोटीकडे जाताना आहे, दोन खोल्या पाहुण्यांना देतो. यादी अशी: पहिल्या दिवशी लोंढ्याहून रेल्वे पकडून दूधसागर स्टेशनवर उतरायचं आणि रुळावरून चालत धबधब्यापाशी जायचं. दुपारी वज्रपोहा धबधबा, 'गाडी थेट पायथ्याशी जाते'. दुसऱ्या दिवशी गोकाक, सौंदत्ती, कित्तूर, हलशी, चारी एका दिवसात. शिवाय 'कर्नाटकात महिलांना बसप्रवास मोफत' असंही लिहिलंय, म्हणून तिकिटाचे पैसेच त्यांनी धरलेले नाहीत.

घाटरूळ
पहिली ओळ वाचूनच धस्स झालं. दूधसागर स्टेशनवर पर्यटकांनी उतरायचं नाही आणि रुळावरून चालायचं नाही, असं रेल्वेनं वारंवार सांगितलंय. २०२३ च्या जुलैत तिथं रुळांवर गर्दी केलेल्या लोकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. तेच पाहुण्यांना पाठवा. हौशी मंडळी कायदा ऐकत नाहीत, व्हिडिओ बघतात. कायदाही आहेच: रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, विनापरवाना रुळांवर गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कॅसलरॉककडून खाली येताना बोगदे आहेत, त्यांत धुकं आणि निसरडं. समोरून गाडी आली तर आजींना घेऊन कुठं सरकणार?

निपाणी_एक्सप्रेस
एवढं घाबरवू नका की. कॉलेजात असताना आम्ही कॅसलरॉकहून रुळावरून चालत गेलो होतो, कोणी अडवलं नाही. जाणारे जातातच.

घाटरूळ
तुम्ही गेलात तेव्हाचं तेव्हा. आता पुण्याहून येणाऱ्या पोराबाळांना तोच रस्ता सांगणं म्हणजे त्यांचा जीव पणाला लावणं. कोणी अडवलं नाही म्हणजे रस्ता सुरक्षित होता असं होत नाही.

निपाणी_एक्सप्रेस
मग दूधसागर बघायचाच नाही का कोणी?

घाटरूळ
बघा की. गोव्यातल्या कुळ्याहून जीप जातात, अभयारण्यातून. पण पावसाळ्यात त्या बंद असतात, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. आत्ता बघायचा तर दिवसाउजेडी घाटातून जाणाऱ्या गाडीत बसून खिडकीतून. दारात उभं राहायचं नाही. ३१० मीटरवरून कोसळणारं पाणी डब्यातूनही डोळे भरून दिसतं. आणि हा धबधबा 'बेळगावचा' म्हणून यादीत घालणाऱ्यानं नकाशासुद्धा उघडलेला नाही. तो गोव्याच्या हद्दीवर, कॅसलरॉक उत्तर कन्नड जिल्ह्यात.

कणकुंबी_पाऊस
वज्रपोहाचं मी सांगतो. गाडी पायथ्याशी जातच नाही. ते म्हादई नदीच्या खोऱ्यातलं जंगल आहे, आणि पावसात खानापूर तालुक्यातल्या जंगलांतल्या धबधब्यांवर वनखातं बंदी घालतं. मधे ओढे असतात, तासाभरात पाणी वाढतं. ज्या वाटेनं गेलो तिनं परत येता येत नाही. हेम्माडग्याच्या रस्त्यावर हालात्री नदीवरचा पूल पाण्याखाली जातो हे तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्याला ते कोण सांगणार? शनिवारी निघण्याआधी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात फोन करा आणि काय उत्तर मिळालं ते पाहुण्यांना कळवा. तुमचं ऐकत नसतील, सरकारी माणसाचं ऐकतील.

सदाशिव_पुणे
मी पुण्याचाच. कर्नाटकात बायकांना बस मोफत आहे ना? बातमीत वाचलंय.

वडगाव_वाहक
आहे, पण कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना. शक्ती योजना जून २०२३ पासून चालू आहे, कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि साध्या बसलाच चालतं. पुण्याचं आधार कार्ड दाखवलं की तिकीट घ्यावंच लागणार. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. सीमेवरची कोगनोळी ओलांडली की पुढचं भाडं पूर्ण. यावरून बसमध्ये रोज भांडणं होतात. वाहक नियम करत नाही, तरी बोलणी त्यालाच. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

खडेबाजार
मुळात गावागावात मराठीत पाट्या असत्या तर ही वेळच आली नसती. बंदी कन्नडमध्ये लिहिलेली असते, बाहेरच्याला कळणार कशी?

रामतीर्थनगर
कन्नड राज्यात कन्नड पाटी असणारच. दुकानाच्या पाटीवरही ६० टक्के कन्नड हवं असा कायदा आहे.

खडेबाजार
दुकानाची पाटी वेगळी आणि धोक्याची सूचना वेगळी. पाणी भाषा बघून चढत नाही.

व्यवस्थापक
भाषेचा विषय इथेच थांबवा, त्यासाठी वेगळा धागा आहे. धाग्यातल्या माणसाला शनिवारच्या आत उत्तर हवंय.

टिळकवाडी_४
आता दुसऱ्या दिवसाचं बघू. गोकाक बेळगावहून ६०-६५ किलोमीटर, सौंदत्ती ८०-९०, दोन्ही पूर्वेकडे. हलशी खानापूरच्या बाजूला, एकदम दुसऱ्या टोकाला. चारी एका दिवसात करणारा माणूस गाडीतच बसून राहणार. तुमच्या घरापासून सोयीचा रस्ता असा: खानापूर, नंदगड, हलशी, बिडी, कित्तूर. हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंह मंदिर आहे. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी, १८३१ मध्ये त्याला तिथंच फाशी दिली. कित्तूरला राणी चन्नम्मांच्या वाड्याचे अवशेष आणि संग्रहालय. आजींनाही झेपेल. सौंदत्तीला जायचंच असेल तर तो दिवस वेगळा ठेवा आणि मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा, यल्लम्माच्या डोंगरावर फार गर्दी असते.

गोकाक_धार
गोकाकच्या धबधब्याबद्दल यादीत 'वर्षभर पाहता येतो' असं असेल तर तेही दुरुस्त करून घ्या. घटप्रभेवर वरच्या बाजूला हिडकलचं धरण आहे, पाणी त्यावर अवलंबून. उन्हाळ्यात ५२ मीटरचा नुसता कातळ दिसतो, मे महिन्यात आलेले लोक रागावून परत जातात. आत्ता पाणी भरपूर आहे, पण म्हणूनच झुलता पूल बंद असू शकतो. आणि काठावर, खडकावर कोणाला उतरू देऊ नका.

शहापूर_पेठ
गोकाकला जाणार असाल तर करदंट (तिथली सुकामेव्याची मिठाई) आठवणीनं घ्या.

कॅम्प_वाचक
पाऊस लागलाच तर बेळगावातच फिरवा. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ मधली, छताचं कोरीव कमळ बघून पोरंसुद्धा मान खाली घालत नाहीत. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते. टिळकवाडीत काँग्रेस विहीर, १९२४ च्या अधिवेशनातली, गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच अधिवेशन.
साइटच्या दुरुस्तीबद्दल: त्यांच्या पानावर संपर्काचा पत्ता असतो. 'सगळं चूक आहे' असं लिहू नका. वाक्य उचलून द्या, खाली बरोबर काय ते लिहा, सोबत तारीख दिसणारा फोटो जोडा. 'यामुळे कोणाचा जीव जाऊ शकतो' हे पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे बाजूला ठेवता येणार नाही. एक प्रत जिल्हा पर्यटन कार्यालयाला पाठवा. नकाशावर चुकीची वाट दाखवत असेल तर त्याच ॲपमध्ये 'बदल सुचवा' असतं. ओपनस्ट्रीटमॅपवर तर खातं उघडून स्वतःच दुरुस्ती करता येते.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. उठाबशांचा व्हिडिओ पाठवला, आणि आज संध्याकाळी घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचा फोटो. आजींच्या मुलाचा लगेच फोन आला, पहिल्यांदाच त्यांनी "मग काय करू या?" असं विचारलं. दूधसागर आणि वज्रपोहा रद्द. पहिल्या दिवशी बेळगाव, दुसऱ्या दिवशी हलशी ते कित्तूर. साइटला वाक्यावाक्यानं लिहून पाठवलंय, पर्यटन कार्यालयालाही. उत्तर आलं की इथं टाकतो.
आता एकच. बिडी ते कित्तूर रस्ता सध्या कसा आहे? गाडी मोठी करावी लागणार.

बिडी_बसस्टँड
परवाच गेलोय. खड्डे आहेत, पण मोठी गाडी जाते. सकाळी लवकर निघा आणि अंधाराच्या आत परत या. जेवण कित्तूरला करा, मधे धड खानावळ मिळणार नाही.